खेड्यातील हायस्कूलचे जनरल रजिस्टर : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस सविनय सादर.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मुलामुलींना एकाच वर्गात बसवून दहावीपर्यंत नेणारी जी हायस्कुले आहेत, त्यांपैकी पुष्कळशी अलीकडे सुवर्णमहोत्सव, हीरकमहोत्सव किंवा अमृतमहोत्सव साजरा करू लागली आहेत, आणि त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिका हाच बहुतेक शाळांचा एकमेव लिखित इतिहास ठरत आहे. या स्मरणिकांची धाटणी ठरून गेलेली आहे. आरंभी संस्थापकांचे छायाचित्र, मग मान्यवरांचे शुभसंदेश (त्यांत आपल्या पदावरील व्यक्तीचा संदेश असतोच), जागा देणाऱ्या दात्यांची नावे, मुख्याध्यापकांची कारकीर्दवार यादी आणि शेवटी गुणवंतांची छायाचित्रे, असा तो क्रम असतो. शाळेत पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, तिच्या वर्गातील किती मुली शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचल्या आणि बाकीच्या कोणत्या इयत्तेतून गेल्या, हे मात्र या पानांत क्वचितच सापडते. वस्तुतः सहशिक्षण देणाऱ्या ग्रामीण शाळेच्या इतिहासातील हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देणारे कागद त्याच शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात असतात. प्रस्तुत पत्र त्या कागदांविषयी आहे.

हे कागद महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी माध्यमिक शिक्षण खेड्यात कोणत्या वाटेने आले ते पाहावे लागते. मुंबई इलाख्यात मराठी शाळेच्या सात इयत्ता आणि त्यानंतरची व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा, असा एक मार्ग होता. तर मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिलीत जाऊन सातव्या इयत्तेअखेर मॅट्रिक होणे, असा दुसरा. पहिला मार्ग खेड्यात संपत असे आणि त्यातून फार तर प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होता येई. दुसरा मार्ग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी सुरू होई आणि तोच वकिली, डॉक्टरी व सरकारी हुद्द्यांकडे जाई. म्हणजे खेड्यातील मुलाला हायस्कुलात जायचे तर आधी घर सोडावे लागे, आणि घर सोडलेल्या मुलाच्या राहण्याजेवण्याची सोय हाच ग्रामीण माध्यमिक शिक्षणाचा पहिला प्रश्न होऊन बसला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहापासून आरंभ करून निरनिराळ्या जातिजमातींसाठी जी वसतिगृहे उभी केली, ती याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता-जेवता येईल असे छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, आणि १९४० मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे मोफत व निवासी हायस्कूल तेथेच सुरू केले. हायस्कूल बोर्डिंगच्या मागून आले, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. विद्यार्थ्याने श्रम करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा हे भाऊरावांचे तत्त्वही बोर्डिंगच्या शेतीत आणि भटारखान्यातच आकाराला आले.

या व्यवस्थेने जातीची भिंत एका पंगतीत मोडली, आणि तिचे ते श्रेय कोणीही नाकारू नये. परंतु जी व्यवस्था घर सोडण्यावर उभी होती, ती मुळातच मुलग्यांसाठी होती. बारा-तेरा वर्षांची मुलगी परगावच्या बोर्डिंगात पाठवण्याचा विचारही त्या काळच्या शेतकरी कुटुंबात संभवत नव्हता, आणि पाठवायचे म्हटले तरी तशी सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. मुलींची स्वतंत्र हायस्कुले होती ती शहरांत : पुण्याची हुजूरपागा १८८४ ची, कर्व्यांची हिंगण्याची संस्था विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. साताऱ्यात रयतने स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय काढले, पण त्याचा हेतू प्राथमिक शिक्षिका तयार करण्याचा होता. अशा प्रकारे १९४७ पूर्वीच्या ग्रामीण माध्यमिक शिक्षणाचा जो गौरवाचा इतिहास आहे, त्यात मुली जवळजवळ नाहीतच. ज्या आहेत त्या स्वयंपाकघराच्या बाजूने आहेत. बोर्डिंगातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले, ही कथा रयतच्या शाळाशाळांतून सांगितली जाते आणि ती सांगितली जावी हेही योग्यच. मात्र त्यागाच्या या कथेत स्त्री अन्नदात्री म्हणून येते, विद्यार्थिनी म्हणून येत नाही, हे सांगणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

मुलीला माध्यमिक शिक्षण मिळायचे तर तिने शाळेकडे जाण्याऐवजी शाळेनेच तिच्या गावी यायला हवे होते, आणि ते स्वातंत्र्यानंतर घडले. १९५० ते १९७० या काळात रयत, कोल्हापूरकडील बापूजी साळुंखे यांची विवेकानंद शिक्षण संस्था, विदर्भात पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था आणि यांच्या जोडीने गावोगावच्या लहान संस्था यांनी मोठ्या खेड्यांत हायस्कुले काढली. मारुतीच्या देवळाच्या ओवऱ्यांत, धर्मशाळेत किंवा एखाद्या वाड्याच्या सोप्यावर आठवीचा वर्ग भरे. पुढे लोकवर्गणी आणि श्रमदान यांतून कौलारू खोल्या उठत. शिक्षक म्हणून त्याच भागातला एखादा नवा पदवीधर येई आणि बी.टी. ही शिक्षकी पदवी तो नंतर घेई. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, पण माध्यमिक शाळा बव्हंशी खासगी संस्थांकडेच राहिल्या. शासन पगाराचे अनुदान देई आणि व्यवस्थापन संस्था पाही. या विभागणीचा अभिलेखांवर, म्हणजे जतन करावयाच्या कागदपत्रांवर, काय परिणाम झाला ते पुढे येईलच.

या शाळांत सहशिक्षण कोणी तत्त्व म्हणून स्वीकारले असे दिसत नाही. तालुक्याच्या गावी मुलांचे हायस्कूल आणि कन्याशाळा अशा दोन संस्था उभ्या राहू शकत होत्या. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाला एकच इमारत, एकच अनुदान आणि चार शिक्षक परवडत होते, शिवाय तुकडी मान्य होण्यासाठी पट भरावा लागे, तेव्हा मुलींना घेणे ही शाळेचीही गरज होती. ज्या सुधारणेवर शहरांतील मासिकांनी वाद रंगवले, ती खेड्यात अडचणीच्या पोटी आणि फारशी चर्चा न होता आली. अर्थात एका खोलीत बसवले म्हणजे एकत्र शिकवले असे होत नाही. हजेरीपटावर मुलग्यांची नावे संपल्यावर मुलींची नावे लिहिली जात. अनेक शाळांत तास सुरू होण्यापूर्वी मुली एका बाजूच्या खोलीत थांबत आणि शिक्षकांच्या मागोमाग वर्गात येऊन कडेच्या बाकांवर बसत. मधल्या सुटीत मैदान मुलग्यांचे असे. शिक्षिका नसल्यामुळे आणि स्वच्छतागृह नसल्यामुळे वयात आलेल्या मुलीला महिन्यातले काही दिवस घरी राहावे लागे, आणि सलग दोन-तीन महिने असे झाले की अभ्यास मागे पडून तिचे नाव कमी होई.

दिल्लीत या प्रश्नाचा विचार होत नव्हता असे नाही. दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ मध्ये स्त्रीशिक्षणाचा राष्ट्रीय प्रश्न म्हणून विचार मांडला. हंसा मेहता समितीने मुलामुलींना वेगवेगळा अभ्यासक्रम असू नये अशी भूमिका घेतली. भक्तवत्सलम समितीने १९६३ मध्ये ग्रामीण भागात मुलींच्या शिक्षणाला लोकांचा पाठिंबा का मिळत नाही याचाच शोध घेतला. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना सारखेच शिकवावे असे सुचवले, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीत जन्मलेले व गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत गुंतलेले असल्याने खेड्यातील हायस्कूल त्यांना केवळ आकड्यांतून ठाऊक नव्हते. तरीही १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांच्या एकूण संख्येपैकी साक्षर स्त्रिया सुमारे १७ टक्केच होत्या, आणि अशा राज्यात आठवीत बसलेली प्रत्येक मुलगी ही अपवादच होती. त्या अपवादांची नोंद एकाच ठिकाणी सलग सापडते, आणि ते ठिकाण म्हणजे जनरल रजिस्टर.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची अनुक्रमांकाने नोंद करणारी, कायमस्वरूपी जतन करावयाची वही. शाळेत ती 'जी.आर.' म्हणून ओळखली जाते, आणि शासन निर्णयालाही हेच आद्याक्षर असल्याने बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतो. आडवे पान उघडले की डावीकडून अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, धर्म व जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याचा दिनांक व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, त्या वेळची इयत्ता, सोडण्याचे कारण आणि शेरा असे रकाने लागतात. जुन्या नोंदी टाकाच्या निळ्या-काळ्या शाईत असतात, मुख्याध्यापक बदलला की हस्ताक्षर बदलते, आणि पानाच्या उजव्या कडेला दाखल्याची दुसरी प्रत दिल्याची टीप व आद्याक्षरी असते, जी कधी कधी मूळ नोंदीनंतर तीस वर्षांची असते. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख इतक्या वेळा येते की अर्धे गाव एकाच दिवशी जन्मले असे वाटावे. प्राथमिक शाळेत जूनमध्ये नाव घालताना गुरुजींनी वयाच्या अंदाजाने ती लिहून टाकलेली असते. आईचे नाव जुन्या नोंदीत नसते. १९९४ च्या महिला धोरणानंतर आईच्या नावाची चर्चा सुरू झाली आणि १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत ते अनिवार्य झाले, तोवर ज्या स्त्रियांनी मुलींना हट्टाने शाळेत धाडले त्यांचा या वह्यांत मागमूसही उरला नव्हता.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलका रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा, आणि सर्वांत लबाडही तोच. मुलाच्या नोंदीत 'उत्तीर्ण' किंवा 'परगावी शिक्षणासाठी' असे लिहिलेले असते, तर मुलीच्या नोंदीत 'सतत गैरहजर' किंवा 'पालकांची इच्छा' हे शब्द पानामागून पान येत राहतात. या दोन शेऱ्यांच्या आड लग्न असते, आईचे बाळंतपण असते, धाकट्या भावंडाला सांभाळणे असते, ऊसतोडीला गेलेल्या घरामागची राखण असते. शेरा खरे सांगत नसला तरी त्याच्या शेजारचा दिनांक सांगतो. आठवी-नववीतील मुलींची नावे वार्षिक परीक्षेनंतर, लग्नसराईत, एकगठ्ठा कमी झालेली आढळली, तर कारण काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. या संदर्भात विसरू नये अशी गोष्ट ही की, १९४९ ते १९७८ या काळात मुलीच्या लग्नाचे कायदेशीर किमान वय १५ होते, म्हणजे नववीतून उठवून मुलीचे लग्न लावणारा बाप बहुधा कोणताही कायदा मोडत नव्हता. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. त्या दुरुस्तीचा परिणाम कोणत्या तालुक्यात किती वर्षांनी जाणवला, हे विधिमंडळाच्या कार्यवृत्तातून कळणार नाही, रजिस्टरच्या दिनांकांतून कळेल.

हेच इतर निर्णयांबाबतही खरे आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांची फी माफ करणारी ई.बी.सी. सवलत आली, आणि १,२०० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यापाड्यांत घराघरांत माहीत झाली. पण त्या सवलतीचा लाभ घरातील मुलाबरोबर मुलीलाही मिळाला का, की वाचलेल्या पैशात फक्त धाकटा मुलगा शाळेत गेला? १९७५ मध्ये अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली आणि शाळेची शेवटची पायरी एका वर्षाने अलीकडे सरकली. ज्या मुलीला घरून आणखी एक वर्ष मिळणे दुरापास्त होते तिला या बदलाने प्रमाणपत्र मिळवून दिले असावे, असा तर्क करता येतो, आणि तो पडताळून पाहण्याजोगा आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या घरांतील मुली परत शाळेत आल्या की नाही, कोयनेच्या १९६७ च्या भूकंपानंतर पाटणकडील पट कसा बदलला, १९८५-८६ पासून मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत झाले आणि पुढे अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळू लागला तेव्हा शेजारच्या वाड्यावस्त्यांतून किती मुली वाढल्या, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर गावागणिक वेगळे असणार. एस.टी.च्या पासाला तर स्मरणिकांत जवळपास काहीच स्थान नाही, वस्तुतः पायी चालण्याच्या अंतरापलीकडील मुलीच्या दृष्टीने शाळेची दुसरी स्थापना त्या पासानेच केली असे म्हणणे वावगे ठरू नये.

आपल्या विभागापुढे हे मांडण्याचे तातडीचे कारण असे की, या वह्या शोधता येतात आणि वाचता येतात हे शासनाने अलीकडेच सिद्ध करून दाखवले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली दप्तरांबरोबर जुन्या शाळांची प्रवेश रजिस्टरेही धुंडाळली गेली, मोडी वाचणारे लोक कामाला लावले गेले, पानांचे स्कॅनिंग होऊन अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ती उपलब्ध झाली. त्या कामाच्या राजकीय बाजूविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. एवढेच नमूद करावयाचे की, त्या पानांवरील एक रकाना वाचण्यासाठी संपूर्ण जिल्हा प्रशासन राबले, आणि त्याच ओळीत चार बोटे पुढे असलेला, मुलगी कधी व का गेली हे सांगणारा रकाना कोणी मोजला नाही. शिवाय ती शोधमोहीम जुन्या नोंदींकडे वळलेली होती. १९५० नंतरच्या हायस्कुलांची रजिस्टरे, म्हणजे ग्रामीण सहशिक्षणाचा खरा काळ, तिच्या प्रकाशझोताच्या कडेलाच राहिला.

दुसरे कारण अधिक अप्रिय आहे. जन्मदर घटला, खेड्यातील मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बसने तालुक्याला जाऊ लागली, आणि साठ वर्षांपूर्वी भरभरून वाहणाऱ्या हायस्कुलांचे पट रोडावले. संच मान्यता, म्हणजे पटानुसार दरवर्षी ठरणारी शिक्षकपदांची मंजुरी, हा विषय १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांसाठी अस्तित्वाचाच प्रश्न बनला आहे. या धोरणाच्या गुणदोषांची चर्चा शिक्षक संघटना व संस्थाचालक करीतच आहेत. परंतु एखादे हायस्कूल बंद झाले किंवा दुसऱ्यात मिसळले, तर गेल्या साठ वर्षांची त्याची रजिस्टरे कोठे जातात, हे कोणी विचारत नाही. दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीपुरती ती जवळच्या शाळेकडे सोपवली जातात. हजेरीपट, तपासणीसाठी आलेल्या दिपोटींनी शेरे लिहिलेली शेरेबुके, शालेय समितीची इतिवृत्ते आणि फी-पुस्तके यांना मात्र वाळवीखेरीज वाली नसतो. 'सरल' या विद्यार्थी-नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीतील माहिती २०१५ पासूनची आहे. त्याआधीचे सगळे कागदावर आहे, आणि तो कागद खासगी संस्थेच्या ताब्यात असल्याने पुराभिलेख संचालनालयाचे लक्ष तिकडे स्वाभाविकपणे जात नाही. अनुदान शासनाचे, विद्यार्थी गावचे आणि दप्तर संस्थेचे, अशी ही तिहेरी मालकी असल्यामुळे जबाबदारी कोणाचीच नाही.

म्हणून आपल्या विभागाकडे मागणे आहे ते फार खर्चाचे नाही. अनुदानित ग्रामीण माध्यमिक शाळांची जनरल रजिस्टरे, शेरेबुके आणि इतिवृत्ते यांना सार्वजनिक अभिलेखांप्रमाणे संरक्षण मिळेल असा स्पष्ट आदेश निघावा. शाळा बंद होताना किंवा विलीन होताना संपूर्ण दप्तराची यादी शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीने तयार झाल्याशिवाय विलीनीकरण पुरे झाले असे मानू नये. आणि स्कॅनिंगची जी यंत्रणा जिल्ह्यांत एकदा उभी राहिली आहे तीच या वह्यांकडे वळवावी. जात, जन्मतारीख आणि नाव ही माहिती खासगी आहे व हयात व्यक्तींची आहे, तेव्हा पाने जशीच्या तशी संकेतस्थळावर टाकणे सर्वथा अयोग्य होईल. संशोधकांना नावे झाकून केवळ वर्ष, लिंग, इयत्ता, दिनांक व कारण एवढेच मिळावे, आणि मूळ पाने ठरावीक मुदतीपर्यंत बंद राहावीत. कुणबी नोंदींच्या बाबतीत पाने खुली करण्यामागे अर्जदारांची गरज होती. येथे तशी गरज नाही, आणि नववीतून काढलेल्या मुलीचा शेरा आज तिच्या नातसुनेने मोबाइलवर वाचावा हे तिला आवडेलच असे नाही.

रजिस्टर जे लपवते ते विचारून घेण्यासाठी माणसे अजून आहेत. १९६० च्या जूनमध्ये तेराव्या-चौदाव्या वर्षी आठवीत नाव घातलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. ती बहुधा त्याच तालुक्यात आहे, कारण तिचे सासर एस.टी.च्या दोन थांब्यांपलीकडे होते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमार्फत प्रत्येक तालुक्यातील एका जुन्या हायस्कूलची निवड करून, त्याच्या पहिल्या दहा वर्षांतील विद्यार्थिनींची यादी रजिस्टरवरून काढावी आणि आज त्याच शाळेत शिकणाऱ्या नववीच्या मुलींना, शिक्षिकेसोबत व त्या आजींची संमती घेऊन, त्यांच्याकडे पाठवावे. वर्गात कोठे बसवत, वाटेत काय होई, गणिताला कोण होते, आणि ज्या दिवशी नाव कमी झाले त्या दिवशी घरी काय ठरले होते, एवढे चार प्रश्न पुरेत. हे काम दिवाळीच्या सुटीत होण्याजोगे आहे, त्यासाठी स्वतंत्र शीर्षाखाली तरतूद लागत नाही, आणि पहिले परिपत्रक शिक्षण आयुक्तांच्या सहीने येत्या सत्रापूर्वी निघाले तर चालू शैक्षणिक वर्षातच निदान काही तालुक्यांतून उत्तरे येऊ लागतील.

कळावे,
ग्रामीण माध्यमिक शिक्षणाचा एक अभ्यासक